संगणकावरील युद्धविमानें व त्यांचीं मूळ साधनें

ऐतिहासिक साधनांची छाननी कशी करावी हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस नवा नाहीं. पत्र अस्सल कीं बनावट, बखर समकालीन कीं उत्तरकालीन, हातांतील पोथी मूळ प्रत कीं नकलेची नक्कल, हे प्रश्न आपल्यांपैकीं बहुतेकांनीं स्वतः हाताळलेले आहेत. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याच दृष्टीनें एका सर्वस्वी निराळ्या वस्तूकडे पाहणार आहों. ती वस्तु म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील विमानयुद्धें संगणकावर हुबेहूब दाखविणारे सिम्युलेटर. हा मुलांचा खेळ, याचा संशोधनाशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. संबंध आहे तो असा. १९३९ ते १९४५ या काळांत लढलेले वैमानिक आतां जवळजवळ सर्व कालवश झाले. त्यांचीं विमानें संग्रहालयांत स्तब्ध उभीं आहेत, आणि जीं थोडीं अद्याप उडतात त्यांचीं इंजिनें मौल्यवान असल्यामुळें त्यांस कोणी युद्धकाळच्या कमाल शक्तीनें पळवीत नाहीं. अशा स्थितींत, स्पिटफायर अधिक वेगवान कीं मेसरश्मिट, या प्रश्नाचें उत्तर आजचा तरुण ग्रंथांत शोधीत नाहीं. तो सिम्युलेटर सुरू करतो, दोन्ही विमानें उडवून पाहतो, आणि जें दिसलें तें प्रत्यक्ष प्रमाण मानतो. वस्तुतः तें प्रत्यक्ष नव्हेच. तें दुसऱ्या कोणीं केलेलें अनुमान आहे, आणि त्या अनुमानाच्या बुडाशीं कांहीं कागद आहेत. ते कागद कोणते, हें विचारणें आपलें काम.

प्रथम या यंत्रणेची रीत थोडक्यांत सांगूं. प्रत्येक विमानाविषयीं संगणकांत वजन, पंखांचें क्षेत्रफळ, निरनिराळ्या उंचीवर इंजिनाची अश्वशक्ति, हवेचा रोध, पंख्याची कार्यक्षमता इत्यादि मूल्यें सांठविलेलीं असतात. त्यांवरून सेकंदांत अनेक वेळां विमानावरील बलांचा हिशेब होऊन तें पुढच्या क्षणीं कोठें असेल हें ठरतें. गतिशास्त्राचे नियम सर्वांस सारखेच. तेव्हां स्पिटफायरला स्पिटफायरपण येतें तें केवळ या मूल्यांनीं. परंतु जुन्या कागदांत हीं सारीं मूल्यें क्वचितच मिळतात. कागदांत असतो तो परिणाम: इतक्या उंचीवर इतका वेग, इतक्या मिनिटांत इतकी चढण. म्हणून रचनाकार परिणाम जुळेपर्यंत मूल्यें कमीजास्त करीत जातो. शिलालेखांतील झिजलेलीं अक्षरें वृत्त व अर्थ जुळवून भरून काढावींत तशांतलाच हा प्रकार आहे. जेथें मूळ अक्षर शाबूत आहे तेथें वाचन पक्कें. दोन शाबूत अक्षरांमधील जागा मात्र संपादकाच्या बुद्धीची. आपल्याकडील संपादक अशी भर कंसांत घालून दाखवितो. सिम्युलेटरमध्यें कंस नसतात.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचें आदिपर्व डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९३३ सालीं पूर्ण केलें. त्याच्या प्रत्येक पानाखालीं निरनिराळ्या प्रतींचे पाठभेद दिलेले आहेत, आणि वाचकास संपादकाचा निर्णय पटला नाहीं तर तो स्वतः दुसरा निर्णय करूं शकतो. सिम्युलेटर हीही एक संपादित आवृत्तिच होय. पण तळटीपा कापून टाकलेली. १९९८ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीचा काँबॅट फ्लाइट सिम्युलेटर निघाला; २००१ सालीं रशियांतून इल-२ स्तुर्मोविक आला; २०१२ सालीं डीसीएस या मालिकेंत पी-५१ मस्टँग हें विमान आलें, आणि त्यांत तर इंजिन सुरू करण्याची कळसुद्धां खऱ्या क्रमानेंच दाबावी लागते. बारकाई वाढत गेली यांत संशय नाहीं. परंतु बारकाई आणि प्रामाण्य या दोन गोष्टी भिन्न होत. सुवाच्य अक्षरांत लिहिलेली पोथी शुद्ध असतेच असें नाहीं.

आतां साधनांकडे वळूं. कारखानदारानें सरकारास दिलेलें वर्णन हें आपल्याकडील ताम्रपटाच्या प्रशस्तीसारखें असतें: सर्वस्वी खोटें नव्हे, पण दात्याचा पराक्रम त्यांत उणा कधीं येत नाहीं. सरकारी चांचणीचा अहवाल हा अस्सल पत्राच्या जागीं. शत्रूच्या पकडलेल्या विमानाची चांचणी म्हणजे परकीय वकिलाची बातमी, उपयुक्त पण त्याला दिसलें तेवढीच. आणि वैमानिकाच्या आठवणी म्हणजे बखर. बखरीचा आम्हांस तिटकारा नाहीं. सभासदाची बखर टाकून शिवकालाचा विचार कोण करील? परंतु बखरींतून तारीख घेऊं नये, तसा आठवणींतून वेगाचा आकडा घेऊं नये.

अस्सल पत्रसुद्धां किती जपून वाचावें लागतें याचें उत्तम उदाहरण म्हणजे पहिल्या मालिकेच्या स्पिटफायरचे दोन अहवाल. के ९७८७ या क्रमांकाच्या विमानाची मार्टलशॅम हीथ येथें चांचणी होऊन १९३९ च्या आरंभीं जो अहवाल झाला त्यांत कमाल वेग १८,५०० फूट उंचीवर ताशीं ३६२ मैल दिला आहे. एन ३१७१ या विमानाचा १९४० च्या मार्चमधील अहवाल १८,९०० फुटांवर ३५४ मैल सांगतो. विमान तेंच, जातीचें इंजिन तेंच, परीक्षक सरकारीच; मग एका वर्षांत आठ मैल कोठें गेले? अहवालांचे आंकडे पाहून थांबणारास हा विरोध वाटेल. अहवाल पुरा वाचणारास वाटणार नाहीं. पहिल्या विमानास दोन पात्यांचा, स्थिर कोनाचा लांकडी पंखा होता. दुसऱ्यास वेगाप्रमाणें पात्यांचा कोन आपोआप बदलणारा रोटोल पंखा होता, आणि शिवाय बंदुकीची गोळी न भेदणारी जाड कांच, चिलखती पत्रा व जादा तारा चढवून वजन व हवेचा रोध हीं दोन्ही वाढलीं होतीं. कमाल वेग किंचित् उतरला, पण जमिनीवरून सुटणें व वर चढणें पुष्कळ सुधारलें. लढाईंत उपयोगी पडला तो दुसरा गुण. सिम्युलेटरच्या रचनाकारानें १९३९ चा वेग आणि १९४० ची चढण एकत्र केली, तर जें विमान निघेल तें कोणत्याही वर्षीं, कोणत्याही तळावर कधींच अस्तित्वांत नव्हतें. दोन शाखांचे पाठ एकत्र शिवून तिसरीच संहिता तयार करणाऱ्या लेखनिकाचा दोष हाच.

याहूनही नाजूक प्रश्न इंधनाचा. १९४० च्या उन्हाळ्यांत ब्रिटिश लढाऊ विमानदलानें ८७ ऑक्टेनच्या जागीं १०० ऑक्टेनचें इंधन वापरलें. त्यामुळें मर्लिन इंजिनांत हवा कोंडण्याचा दाब सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांपर्यंत, पांच मिनिटांच्या मर्यादेंत, नेण्याची मुभा मिळाली. याचा लाभ कमी व मध्यम उंचीवर ताशीं २५ मैलांहून अधिक होता. परंतु वर उल्लेखिलेल्या १८,५०० फुटांच्या उंचीवर तो जवळजवळ शून्य, कारण तेथील विरळ हवेंत सुपरचार्जरला तेवढा दाब देतांच येत नाहीं. म्हणजे ज्या ग्रंथांत केवळ कमाल वेगाचा एकच आंकडा आहे त्यावरून हा फरक कळणेंच अशक्य. कोष्टक तेंच राहतें, आणि समुद्रावर पांच हजार फुटांवर लढणाऱ्या वैमानिकाच्या जीवनमरणाचा प्रश्न मात्र बदललेला असतो.

प्रतिपक्षाचें मेसरश्मिट १०९ ई हें विमान घ्या. जर्मन वर्णनपत्रांत त्याचा वेग ५,००० मीटरवर ताशीं ५७० किलोमीटर दिला असून त्यापुढें अधिकउणें पांच टक्क्यांची सवलत नमूद आहे. ५७० किलोमीटर म्हणजे ३५४ मैल; एन ३१७१ चा आंकडाही नेमका तोच. आणि पांच टक्क्यांची सवलत म्हणजे खालीं ५४१ व वर ५९८ किलोमीटर. स्पिटफायरचे दोन्ही अहवाल या पट्ट्यांत आरामानें मावतात. म्हणून, दोहोंत वेगवान कोणतें, या प्रश्नाचें खरें उत्तर हें कीं कागदांवरून तसें ठरवितां येत नाहीं. तें त्या त्या विमानाच्या घडणीवर, रंगाच्या गुळगुळीतपणावर, उंचीवर व इंजिनाच्या वयावर अवलंबून असे. सिम्युलेटरमध्यें मात्र एकच आंकडा असतो, आणि सर्व विमानें एकाच सांच्यांतून आजच निघाल्यासारखीं तंतोतंत सारखीं असतात. हा दोष रचनाकाराच्या अज्ञानाचा नसून या माध्यमाच्या स्वभावाचा आहे असें आम्हांस वाटतें. तथापि तो सांगितला मात्र जात नाहीं.

मापांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. शुहूर सन, फसली सन, शालिवाहन शक व इसवी सन यांची सांगड घालतांना ज्यांनीं रात्री घालविल्या त्यांस हें दुःख लगेच कळेल. इंग्रज मैल, जर्मन किलोमीटर आणि जपानी आरमार नॉट लिहितें. जर्मन अश्वशक्ति इंग्रजी अश्वशक्तीहून किंचित् लहान आहे. त्यांतही मोठा घोंटाळा असा कीं, वैमानिकासमोरील तबकडी खरा वेग दाखवीत नाहीं; ती हवेचा दाब मोजते. वीस हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मी, त्यामुळें तबकडीवर २५० मैल दिसत असतां खरा वेग सुमारें ३४० मैल असतो. एखाद्या वैमानिकाच्या आठवणींतील 'माझी तबकडी चारशें दाखवीत होती' या वाक्याचा आधार घेऊन जो विमानाचा वेग ठरवील, त्यानें शकाचा आंकडा इसवी सन समजून वाचल्यासारखें होईल.

पकडलेल्या विमानांची कथा तर दफ्तरें हस्तगत होण्याच्या कथांसारखीच आहे. १९३९ च्या २२ नोव्हेंबर रोजीं एक मेसरश्मिट फ्रान्सच्या हद्दींत व्होर्ट येथें उतरलें. फ्रेंचांनीं त्याची चांचणी घेतली आणि पुढें तें ब्रिटिशांकडे गेलें. १९४२ च्या २३ जून रोजीं आर्मिन फाबर नांवाचा जर्मन अधिकारी ब्रिस्टलच्या खाडीस इंग्लिश खाडी समजून वेल्समधील पेंब्री तळावर आपलें फोके-वुल्फ १९० सुखरूप उतरवून बसला! त्या विमानाच्या परीक्षेंत असें दिसून आलें कीं, त्या वेळच्या पांचव्या मालिकेच्या स्पिटफायरहून तें बहुतेक सर्व उंचींवर ताशीं २० ते ३५ मैलांनीं वेगवान होतें. पण त्याच अहवालांत हेंही लिहिलें आहे कीं, परीक्षेच्या सबंध काळांत त्याचें इंजिन खडखडत होतें आणि वैमानिकांस त्याचा भरंवसा वाटत नव्हता. आंकडे उतरून घेणारे पुष्कळ. हें वाक्य उतरून घेणारे थोडे.

जपानचें झीरो विमान तर मेलेल्या माणसाच्या मांडीखालून निघालें. १९४२ च्या ४ जूनला ताडायोशी कोगा हा तरुण वैमानिक अल्यूशियन बेटांतील डच हार्बरवर हल्ला करून परततांना, तेलाची नळी फुटल्यामुळें आकुतान बेटावर उतरूं पाहत होता. हिरवळ दिसली ती दलदल निघाली. विमान उलटलें व कोगा जागींच गेला. महिन्याभरानें अमेरिकन गस्ती विमानास तें दिसलें. सान डिएगो येथें दुरुस्त होऊन सप्टेंबरांत तें उडूं लागलें. २०० नॉटांवर त्याचे एलेरॉन, म्हणजे पंखाच्या कडेच्या विमान कलविणाऱ्या झडपा, अतिशय जड होतात, उजवीकडे वळण डावीकडच्यापेक्षां कठीण जातें, आणि एकदम नाक खालीं लोटल्यास इंजिन गचके खातें, हे सर्व निष्कर्ष त्या एका विमानाचे. वेग अमेरिकनांनीं १६,००० फुटांवर ३२६ मैल, म्हणजे ५२५ किलोमीटर मोजला. जपानी आंकडा ४,५५० मीटरवर २८८ नॉट, म्हणजे ५३३ किलोमीटर. मोडून सांधलेल्या विमानांत आठ किलोमीटरांचा फरक हा फरकच नव्हे. दोन परस्परविरोधी पक्षांचे स्वतंत्र कागद असे जुळले म्हणजे संशोधकास जें समाधान होतें तें वाचकांस आम्ही काय वर्णन करून सांगावें!

परंतु जपानच्या बाबतींत असें समाधान विरळा. १९४५ च्या ऑगस्टांत शरणागतीच्या वेळीं जपानी लष्करानें आपलीं दफ्तरें मोठ्या प्रमाणांत जाळलीं. पेशवे दफ्तरासारखा जपलेला ठेवा त्यांच्या सेनेचा फारसा उरला नाहीं, आणि पराभूताचें विमान जेत्याच्या अहवालांतूनच ओळखण्याची पाळी आली. नाकाजिमाच्या की-८४ हायाते या विमानाचें उदाहरण पाहावें. जपानी आंकडे त्याचा वेग ६२४ ते ६३१ किलोमीटर सांगतात. युद्धोत्तर ग्रंथांत मात्र ताशीं ४२७ मैल, म्हणजे ६८७ किलोमीटर, हा आंकडा सर्रास आढळतो आणि युद्धानंतर अमेरिकेंत उत्तम इंधन घालून केलेल्या चांचणीचा तो निष्कर्ष असल्याचें सांगितलें जातें. आतां गंमत अशी कीं, युद्ध चालू असतांनाच अमेरिकन तांत्रिक गुप्तवार्ता केंद्रानें शत्रुविमानांची जी पुस्तिका छापली तींतही हाच आंकडा आहे. आणि त्या पुस्तिकेंतील बरेच आंकडे मोजलेले नसून हिशेबानें काढलेले होते. जो आंकडा १९४५ च्या युद्धकाळांत छापलेला आहे तो १९४६ च्या चांचणीचें फळ कसा असेल? आमच्या मतें हा पाठ प्रक्षिप्त नव्हे, पण त्यास जोडलेली उत्पत्तिकथा प्रक्षिप्त आहे. असें विमान ज्या सिम्युलेटरांत ६८७ किलोमीटरनें पळतें तेथें खेळणारास १९४५ चा जपान पाहावयास मिळत नाहीं. त्यास अमेरिकन टेबलावरील एक हिशेब पाहावयास मिळतो. ज्यांच्याकडे भरपूर इंधन नव्हतें, सुटे भाग नव्हते व शिकलेले वैमानिक संपत आले होते, त्यांच्या हालअपेष्टा त्या आंकड्यांत पुसून जातात.

कालविपर्यासाचा दोषही वारंवार घडतो. मर्लिन इंजिनाचें कार्ब्युरेटर नाक एकदम खालीं घातल्यास इंधन तोडीत असे. जर्मन इंजिनांत पिचकारीनें इंधन जात असल्यामुळें त्यांस ही बाधा नव्हती. १९४१ च्या आरंभीं फार्नबरो येथील बिअॅट्रिस शिलिंग या विदुषीनें एका साध्या छिद्राच्या चकतीनें हा दोष बराच आवरला. तेव्हां १९४० चें स्पिटफायर गचके न खातां डुबी मारूं लागलें कीं तेथें पुढील वर्षाचा पाठ मागें शिरला असें समजावें.

वळण्याच्या क्षमतेविषयीं दोन्ही पक्षांच्या बखरी एकमेकींस छेद देतात. स्पिटफायर आंतून वळतें असें इंग्रज सांगतात. आम्ही त्यांच्याही आंतून वळत होतों असें कांहीं जर्मन सांगतात. फार्नबरोची १९४० ची चांचणी स्पिटफायरच्या बाजूनें आहे. तींत असेंही नमूद आहे कीं, मेसरश्मिटच्या पंखाच्या पुढील कडेच्या फळ्या घट्ट वळणांत उघडल्या म्हणजे एलेरॉनांस हिसका बसून नेम चुकतो. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, नवशिका वैमानिक त्या हिसक्याआधींच हात सैल सोडीत असेल आणि मुरलेला त्यापुढें जात असेल. दोघेही खरेंच बोलत असतील. त्याच चांचणींत सांगितलें आहे कीं, ४०० मैलांवर सर्व बळ लावूनही मेसरश्मिटच्या वैमानिकास एलेरॉन एकपंचमांशच हलवितां येत, आणि स्पिटफायरचीही स्थिति तीच होती. मेजावरील स्प्रिंगचा दांडा मुलाच्या दोन बोटांनीं हलतो. रचनाकारानें एलेरॉनाची मर्यादा संगणकांत घातली, आणि चांगले रचनाकार ती घालतात, तरी घामाघूम होणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें व मरणाचें भय हीं घालतां येत नाहींत. म्हणून सिम्युलेटरांतील विमान अचूक असलें तरी त्यांतील लढाई अचूक असेलच असें नव्हे. खरा वैमानिक ज्या सीमेच्या जवळही क्वचित् गेला तेथें खेळणारा सारी संध्याकाळ घालवितो.

संग्राहकांशीं ज्याचा साक्षात् संबंध येतो तो मुद्दा शेवटचा. या आवृत्त्या स्थिर नसतात. कंपनी वेळोवेळीं सुधारणा पाठविते. एखाद्या विमानाचा वेग दहा किलोमीटरनें उतरतो, चढण वाढते, आणि जुना पाठ जाग्यावरच खोडला जातो. कोणत्या कागदाच्या आधारें तो बदलला, कीं ग्राहकांच्या तक्रारीमुळें, याची नोंद बहुधा मिळत नाहीं. पूर्वीच्या सिम्युलेटरांबरोबर जाड छापील पुस्तिका येत. त्या रद्दींत जात आहेत; आधारग्रंथांची नांवें असलींच तर तेथेंच असत. ज्यांच्या हातीं त्या पडतील त्यांनीं तबकडीसह, आवृत्तीचा अंक टिपून, त्या ठेवून घ्याव्या. आपल्याकडील कांहीं संग्राहकांस कागद दडवून ठेवण्याची खोड आहे; याच्या अगदीं उलट, २०२१ पासून वॉर थंडर या खेळाच्या कांहीं भक्तांनीं आपलें म्हणणें सिद्ध करण्यासाठीं हल्लींच्या सैन्यांचे गोपनीय कागदच अनेकदां जाहीर केले! दोहोंच्या मधला मार्ग बरा.

आपल्या देशाच्या विमानदलानें दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशच्या आघाडीवर हरिकेन व पुढें स्पिटफायर विमानें वापरलीं. तेथील वैमानिकांच्या उड्डाणांच्या नोंदवह्या त्यांच्या कुटुंबांत कोठें असतील तर त्यांचें मोल मोठें आहे. ब्रिटिश अहवालांतील आंकडे प्रमाण वातावरणास, म्हणजे समुद्रसपाटीवर १५ अंश तपमानास, अनुसरून दुरुस्त केलेले असतात. ब्रह्मदेशच्या उन्हाळ्यांत हवा त्याहून कितीतरी तप्त व विरळ. तेथें इंजिनाची शक्ति कमी भरते, धांव लांबते, चढण मंदावते. तेथील विमान कसें चालत होतें हें लंडनच्या कोष्टकांत नाहीं. तें एखाद्या नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यांत, पेन्सिलीनें खरडलेल्या ओळींत असूं शकेल. अशी वही हातीं आल्यास विमानाची जात, क्रमांक, तळ, दिनांक, उंची व तपमान यांची नोंद जशी असेल तशी उतरून घ्यावी, आणि मैल, नॉट किंवा फूट यांचें रूपांतर करूं नये.